पंडिता रमाबाई आणि कठीण वचन

फर्दापुराहून अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाणारा रस्ता वाघूर नदीच्या खोऱ्यात शिरतो. तेथील सोळाव्या लेण्यात भिंतीवर एक जुने चित्र आहे. एक राजस्त्री मान टाकून बसली आहे, तिचे डोळे मिटत चालले आहेत, दासी तिला सावरीत आहेत. आणि एका बाजूस एक सेवक हाती मुकुट घेऊन उभा आहे. जाणते लोक सांगतात की ही नंदाची पत्नी सुंदरी होय. पती घरदार सोडून भिक्षू झाला, ही वार्ता तो मुकुट तिला सांगत आहे, आणि ती तिला सहन होत नाही. कथा आपल्या शास्त्रातील नव्हे. तथापि त्या चित्रकाराला माणसाचे मन ठाऊक होते. कटू सत्य कळले म्हणजे मनुष्य प्रथम कोसळतो. पुढे तो कशाच्या आधाराने उठतो, हे त्या चित्रात नाही.

गावोगावच्या मंडळ्यांत काम करणाऱ्या उपदेशकावर असा प्रसंग वारंवार येतो. घरात तरुण मुलाचे प्रेत ठेवलेले असते, आई भिंतीला डोके टेकून बसलेली असते, आणि शेजारीपाजारी उपदेशकाच्या तोंडाकडे पाहत असतात. अशा वेळी जीभ आपोआप गोड शब्दांकडे वळते. सर्व ठीक होईल, असे काहीतरी बोलून मनुष्य मोकळा होतो. उलट, ज्याने दारूपायी आपले घर मोडले त्याच्या अंगणात बसून आपण पावसापाण्याच्या गोष्टी करतो व चहा घेऊन परत येतो. दोन्ही ठिकाणी सत्य मागे राहते, आणि त्या भित्रेपणाला आपण प्रीती असे नाव देतो. प्रभूची रीत अशी नव्हती. त्याचे बोलणे कठीण वाटून पुष्कळ शिष्य परत गेले, असे योहान कळवतो; आणि तरीही थकलेले, पिडलेले, लोकांनी टाकलेले असे सर्व त्याच्याच दारी येत राहिले. ह्या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात, हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रात जितके स्पष्ट दिसते तितके महाराष्ट्रातील दुसऱ्या कोणाच्या चरित्रात मला दिसले नाही. त्यांचे नाव आपणा सर्वांस ठाऊक आहे. केडगाव व मुक्ती हे शब्दही ठाऊक आहेत. परंतु बाईंना सत्य किती महाग पडले, हे फार थोड्यांना माहीत असते.

त्यांचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान व आचारनिष्ठ ब्राह्मण. आपल्या बायकोला संस्कृत शिकवावे, हा एवढाच काय तो त्यांचा अपराध. त्या काळी तो अपराधच होता. उडुपी येथे पंडितांच्या सभेपुढे त्यांना आपल्या कृत्याचा जबाब द्यावा लागला, आणि त्यांनी तो शास्त्राधारे दिला. कोणी रागावले म्हणून त्यांनी शिकवणे सोडले नाही. रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असता हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटाऱ्यात घालून एका हमालाच्या डोक्यावर दिले होते. तेव्हापासून पुढे अनेक वर्षे ह्या मुलीला घर असे नव्हतेच. देवळाच्या आवारात बसून वडील व भाऊ पुराण सांगत, लोक तांदूळ, वस्त्र, पैसा ठेवीत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाट धरावी. आई लक्ष्मीबाई पहाटे मुलीला उठवून पाठ देई. असे करता करता मुलीला हजारो श्लोक मुखोद्गत झाले.

मग 1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. ह्या प्रसंगाविषयी बाईंनी पुढे जे लिहिले, ते वाचताना मला नेहमी आश्चर्य वाटते; कारण आपल्या आईबापांविषयी मनुष्य एवढे खरे सहसा लिहीत नाही. जवळचे द्रव्य त्यांनी दानधर्मात, अनुष्ठानांत व देवदर्शनात वेचले होते, आणि देव प्रसन्न होऊन काही देईल ह्या आशेवर राहिलेले तेही संपले. हाताने काम करावे, तर तशी सवय नव्हती व कुळाचा अभिमान आड येई. भीक मागावी, तर लाज वाटे. भांडी गेली, अंगावरची चांगली वस्त्रे गेली. अखेरीस ती सर्व माणसे तिरुपतीकडच्या रानात शिरली. अकरा दिवस झाडपाला खाऊन काढले. आणि आता मरावे, ते तरी पवित्र रीतीने मरावे, असे ठरले. म्हाताऱ्या व जवळजवळ अंध झालेल्या अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचा निश्चय करून एकेका मुलाचा निरोप घेतला. धाकट्या रमेला पोटाशी धरून त्यांनी सांगितले की तिला त्यांनी देवाच्या हाती दिले आहे, तिने जन्मभर त्याचीच सेवा करावी. तो देव कोण, हे सांगणाऱ्याला ठाऊक नव्हते व ऐकणारीलाही नव्हते. ऐनवेळी भाऊ श्रीनिवास पुढे झाला व म्हणू लागला की कुळाचा अभिमान गेला तरी चालेल, मी मजुरी करीन. मंडळी रानातून परत फिरली. परंतु उशीर झाला होता. थोड्याच दिवसांत वडील वारले. काही आठवड्यांनी आईही गेली.

आईच्या प्रेताला खांदा द्यायला माणसे मिळेनात. मोठ्या प्रयासाने दोघे ब्राह्मण मिळाले, तिसरा भाऊ, आणि चौथी ही सोळा वर्षांची मुलगी. ती उंचीने लहान; तिरडी खांद्यावर घेतली तर एक बाजू खाली येई. म्हणून तिने ते ओझे डोक्यावर घेऊन स्मशान गाठले. नंतर थोरली बहीण कृष्णाबाई हीही पटकीने गेली.

ह्या सर्व गोष्टी बाईंनी लपवल्या नाहीत, की त्यांवर रंग चढवला नाही. बाप थोर होता, हेही त्यांनी लिहिले. बापाने अभिमानापायी पोरे उपाशी मारली, हेही त्यांच्या लिहिण्यावरून कळते. आणि तरीही त्या लेखात बापाविषयी एक अक्षर कडवटपणाचे नाही. त्यांच्या पुढच्या आयुष्याची किल्ली मला येथेच दिसते. प्रीती असेल तर सत्य सांगता येत नाही, असे आपण समजतो. बाईंना तसे वाटले नाही.

भाऊ व बहीण देशभर पायी हिंडत 1878 साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी ह्या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली, आणि चकित होऊन तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. त्या मानाने कोणाचेही डोके फिरले असते. परंतु तेथेच तिला धर्मशास्त्रांचे ग्रंथ नीट वाचावयास मिळाले, आणि स्त्री व शूद्र ह्यांच्या मोक्षाविषयी त्यांत काय लिहिले आहे ते पाहून तिचे मन बसले. ज्या ग्रंथांच्या बळावर तिचा सत्कार झाला होता, ते ग्रंथ तिला दाराबाहेरच ठेवीत होते. हे तिला दिसले, आणि दिसल्यावर तिने डोळे मिटून घेतले नाहीत.

1880 साली भाऊ ढाक्यास वारला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलाशी लग्न केले. ते जातीने शूद्र मानलेले; दोघांनाही आपापल्या लोकांनी दूर केले. आसामात सिलचर येथे संसार सुरू झाला. घरातील पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाचे एक बंगाली पुस्तक बाईंच्या हाती लागले, आणि तेथील मिशनरी घरी येऊन उत्पत्तीच्या पुस्तकातील गोष्टी सांगू लागले. पतीला हे रुचेना. एप्रिल 1881 मध्ये मनोरमा जन्मली. 4 फेब्रुवारी 1882 रोजी पती पटकीने गेले. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. वयाच्या तेविसाव्या वर्षी बाई विधवा झाल्या. आईबाप, भाऊ, बहीण, पती ह्यांपैकी कोणी उरले नाही. कडेवर दहा महिन्यांची मुलगी होती.

पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्रियांना वैद्यकी शिकवण्याची गरज मांडली, आणि 1883 साली त्या इंग्लंडास गेल्या. वाँटेज येथील भगिनीसंघात त्या राहिल्या. तेथे आणखी एक आघात झाला: सोबत आलेल्या आनंदीबाई भगत ह्यांनी आत्मघात केला. त्यानंतर काही दिवसांनी, 29 सप्टेंबर 1883 रोजी, बाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

त्यांना ह्या मार्गाकडे कशाने ओढले, हे ग्रामीण मंडळ्यांनी अवश्य ऐकावे. नेहेम्या गोरे ह्या काशीच्या विद्वान ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थांच्या लेखांनी त्यांच्या बुद्धीचे समाधान केले, हे खरे. परंतु अंतःकरण हलले ते लंडनजवळ फुलहॅम येथील एका आश्रमात. वाईट मार्गाला लागलेल्या स्त्रियांना तेथे सांभाळीत व सुधारीत. आपल्या देशात अशा स्त्रियांकडे लोक पाहतही नाहीत, हे बाईंना माहीत होते. येथे कुलीन स्त्रिया त्यांची सेवा करीत होत्या. असे का, म्हणून त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. त्या कथेत प्रभू काय करतो, हे लक्षात आणा. विहिरीवर आलेल्या बाईला तो जिवंत पाणी देऊ करतो. पण तिने ते मागताच तिच्या पाच नवऱ्यांची गोष्ट काढतो. आपल्यापैकी कोणी असता, तर ती गोष्ट सभ्यपणाने टाळली असती. प्रभूने ती टाळली नाही, आणि ती बाई अपमान झाला म्हणून उठून गेली नाही. आपले सर्व काही जाणणारा, आणि जाणूनही आपल्याशी बोलत राहणारा कोणीतरी आहे, हे तिला कळले. तेव्हा ती घागर तेथेच ठेवून गावात धावली. रमाबाईंना तारणाऱ्याची ओळख झाली ती ह्या विहिरीवर.

बाप्तिस्मा घेतला म्हणून बाई सर्वांच्या होकारात होकार मिळवू लागल्या नाहीत. भगिनीसंघातील वडीलधाऱ्या बायांशी त्यांचे मतभेद झाले. एखादे मत केवळ वरिष्ठांनी सांगितले म्हणून कसे स्वीकारावे, असे त्या पत्रांतून विचारीत. त्या भगिनींच्या गळ्यातील क्रुसावर लॅटिन शब्द कोरलेले असत. ते हिंदी स्त्रीसाठी संस्कृत का नसावेत, हाही त्यांचा प्रश्न. त्यांना गर्विष्ठ म्हणण्यात आले. खरे बोलायचे तर त्या कित्येक वेळा हट्टी होत्या, आणि ज्यांनी मायेने सांभाळले त्यांना त्यांच्या शब्दांनी दुःख झाले. चरित्र लिहिताना हे झाकून ठेवणे बाईंनाच आवडले नसते.

तेथून 1886 साली त्या अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक 1887 साली प्रसिद्ध झाले, त्या देशातील लोकांनी साहाय्य उभे केले, आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. तेथे शिकण्यास प्रथम आलेल्या विधवा मुलींपैकी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे ह्यांच्या पत्नी झाल्या. सदनात कोणाच्या धर्माला हात लावणार नाही, असे वचन होते, व बाईंनी ते पाळले. परंतु स्वतः प्रार्थना करताना आपल्या खोलीचे दार बंद करण्यास त्यांनी नकार दिला. मुली येऊन बसू लागल्या. 1893 साली शहरात गहजब झाला, पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या, आणि रानडे, भांडारकर ह्यांच्यासारखे थोर साहाय्यकर्ते दूर झाले. दार लोटून घेतले असते तर हे काहीच घडले नसते.

ह्या गडबडीच्या थोडे आधी, 1891 च्या सुमारास, एक गोष्ट घडली. बाहेरून पाहणाऱ्याला ती दिसली नाही, तरी बाईंच्या मते त्यांच्या आयुष्यात तिच्याहून मोठी दुसरी नव्हती. बाप्तिस्मा होऊन आठ वर्षे झाली होती. दोन खंडांत त्यांचे नाव गाजत होते. ख्रिस्ती धर्मासाठी त्यांनी शिव्या खाल्ल्या होत्या. अशा स्थितीत एका सुवार्तिकाचे आत्मवृत्त वाचीत असता त्यांना आढळून आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ख्रिस्त मिळालेला नाही. मत पटले होते, संस्कार झाला होता, काम चालले होते. परंतु ज्याच्यासाठी हे सर्व, त्याच्याशी गाठ पडलेली नव्हती. कोणी शत्रूने हे म्हटले असते तर त्यांनी दहा उत्तरे दिली असती. येथे तर त्यांचेच मन त्यांना हे सांगत होते.

वाचकहो, हे वाचून आपण थोडे थांबावे. आपणापैकी कित्येकांच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. नावे रजिस्टरात आहेत, वर्गणी वेळेवर जाते, नाताळात भजनी मंडळ घरोघर फिरते. उपदेशकाचे तर शास्त्र हेच काम. ज्याच्या हातून रोज भाकर वाढली जाते तो स्वतः उपाशी आहे, अशी शंकाही कोणाला येत नाही, बहुधा त्यालाही येत नाही. बाईंना ती शंका आली, व त्यांनी ती दाबली नाही. आठ वर्षे ख्रिस्ती म्हणून मिरवल्यावर आपण अजून उंबऱ्याशीच आहोत असे कबूल करणे सोपे नव्हते. पण कबूल करताच त्यांच्या दृष्टीस पडले की आता आपल्यापाशी दाखवण्यासारखे काही उरले नाही, आणि त्याची गरजही नाही. विद्वत्ता, त्याग, कीर्ती ह्यांपैकी काहीच तारणाच्या किमतीत धरले जात नव्हते. जसे आहोत तसेच यावे, तो घेतो. रानात झाडपाला खाणाऱ्या त्या कुटुंबाने देवाला देण्यासाठी सर्वस्व वेचले होते, आणि हात रिकामे झाले तेव्हा मरण्यावाचून दुसरी वाट त्यांना सुचली नव्हती. आता रिकामे हात घेऊनच येता येते, हे त्या बापाच्या मुलीला कळले. आपण निरुपाय आहोत, ह्या वचनाने तिला प्रथम खाली बसवले. आणि उठवले तेही त्याच वचनाने.

ह्यानंतरच्या रमाबाई निराळ्या दिसतात. 1896 साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. तेथे जाण्यास त्यांचे मन आधी धजेना. दुष्काळ काय असतो हे त्यांना पुस्तकावरून शिकायचे नव्हते. अखेर त्या गेल्या. उपाशी मुलींच्या चेहऱ्यांत त्यांना कोणाचे चेहरे दिसले असतील, हे सांगायला नको. भुकेल्या मुलींना भाकरीचे आमिष दाखवून पळवणारे लोक सगळीकडे टपलेले होते, आणि सरकारी अन्नछत्रांतही मुली सुरक्षित नव्हत्या, हे त्यांनी उघड लिहिले. सुमारे तीनशे मुली व बाया त्यांनी आणल्या, आणि केडगाव येथे आधी घेतलेल्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. 1897 साली पुण्यात प्लेग असता तेथील प्लेगच्या इस्पितळात आपल्या एका मुलीचे काय हाल झाले, ते त्यांनी वर्तमानपत्रात छापले. सरकारने आरोप नाकारले, विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत प्रश्न गेला. राज्यकर्ते ख्रिस्ती आहेत म्हणून त्यांचा दोष झाकावा, असे बाईंना वाटले नाही. 1893 साली ज्यांनी त्यांना देशद्रोही ठरवले होते, त्यांनीही ह्या गोष्टीची नोंद घ्यावयास हवी होती.

मग 1899 चा दुष्काळ आला. हाच तो छप्पन्नचा दुष्काळ. खानदेशात व अजिंठ्याच्या डोंगरापायथ्याच्या गावांत त्याची आठवण पिढ्यान्पिढ्या सांगितली गेली. त्या वेळी गुजरात वगैरे भागांतून शेकडो मुली मुक्तीत आल्या, आणि तेथील वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. त्या सर्वांना काम शिकवले जाई: विणणे, शेती, दूध, छापखाना. अंध मुलींना मनोरमेने बोटांनी वाचावयास शिकवले. पडलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. फुलहॅमचा आश्रम बाई विसरल्या नव्हत्या. ह्या मुलींशीही बाई खोटे बोलत नसत. तुमचे आईबाप परत येतील, असे त्यांनी कोणाला सांगितले नाही. माझेही आईबाप असेच गेले, एवढे त्या सांगू शकत होत्या.

1905 साली मुक्तीत मोठे आत्मिक जागरण झाले. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही. मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करीत, पाप कबूल करीत. काहींना ते अतिरेकी वाटले.

मला त्याहून अधिक वाटते ते शेवटच्या वर्षांतील कामाचे. मराठीतील शास्त्र संस्कृतप्रचुर भाषेत आहे, आणि शेतावरून आलेल्या अडाणी बाईला ते समजत नाही, हे बाई रोज पाहत होत्या. म्हणून पन्नाशीच्या आसपास त्यांनी इब्री व ग्रीक भाषा शिकण्यास आरंभ केला, आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ एकटीने सर्व पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ज्या मुलींना दुष्काळातून उचलून आणले, त्यांपैकी काहींनी त्याचे खिळे जुळवले व पाने छापली. येथेही बाईंचा जुना स्वभाव आडवा आला. ज्या शब्दांना पूर्वीच्या धर्माचा वास येतो असे त्यांना वाटले, ते रूढ असले तरी त्यांनी वगळले. त्यामुळे ते भाषांतर पुष्कळ ठिकाणी ओबडधोबड झाले, व आपल्या मंडळ्यांत फारसे रुळले नाही. तरी त्या कामामागचा विचार आपल्या उपदेशकांनी मनात ठेवण्यासारखा आहे. शास्त्रातील कठीण गोष्ट बाईंनी सौम्य केली नाही. फक्त तिच्यावरचे अवघड शब्द काढले. आपण अनेकदा उलट करतो. शब्द भारी ठेवतो आणि गोष्ट हलकी करतो. ऐकणाऱ्याला काही टोचत नाही, आणि काही आधारही सापडत नाही.

ह्या काळात बाई जवळजवळ बहिऱ्या झाल्या होत्या. संस्थेचा भार मनोरमा वाहत होती. इंग्लंडात व अमेरिकेत वाढलेली, पदवीधर झालेली ही मुलगी आईच्या हाताखाली राबली. तिने 1913 च्या सुमारास गुलबर्ग्यास शाळा काढली. तेव्हा गुलबर्गा निजामाच्या राज्यात होते, आणि फर्दापूरही त्याच राज्यात. आपल्यामागे मुक्ती हीच चालवील, असे सर्वांनी धरले होते. परंतु तिची प्रकृती खंगत गेली, आणि 24 जुलै 1921 रोजी मिरजेच्या इस्पितळात ती वारली. वय चाळीस.

सिलचरच्या घरापासून बाईंजवळ उरलेले ते एकच माणूस होते. त्यांचे वय त्या वेळी त्रेसष्ट. हा प्रसंग आला तेव्हा गोड शब्द सांगणारे भोवती कमी नसतील. पण बाईंना ते ऐकूही येत नव्हते. त्यांनी देवाविरुद्ध कुरकुर केली नाही, आणि मुलगी गेली हे दुःख नाही असेही सोंग केले नाही. मुक्तीचा भार दुसऱ्या हातांत सोपवण्याची व्यवस्था त्यांनी केली, आणि पुन्हा मुद्रितांवर बसल्या. पवित्र शास्त्राची शेवटची पाने तपासायची राहिली होती.

तेवढे काम पुरे होईपर्यंत आयुष्य मिळावे, एवढेच त्यांनी मागितले, असे मुक्तीतील लोक सांगत. मनोरमेला जाऊन नऊ महिनेही झाले नव्हते, तोच 5 एप्रिल 1922 रोजी त्या झोपेतच गेल्या. मुद्रिते तपासून झाली होती. त्यांना केडगावासच पुरले. ग्रंथाचे उरलेले काम मुलींनी छापखान्यात चालू ठेवले, आणि 1924 साली संपूर्ण शास्त्र बांधून तयार झाले.